बासष्ट एचपीची एमजीबी आणि व्हीएटचा हट्ट: एका इंजिन स्वॅपचा हिशोब

गाडी १९७७ची एमजीबी रोडस्टर, ब्रिटिश एमजी कंपनीची उघडी दोन सीटर, अमेरिकन बाजारासाठी बनलेली, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे, पुढेमागे ते जाडजूड काळे रबरी बंपर आणि बॉनेटखाली १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन. मालक माझा जुना दोस्त. त्याने सल्ला मागितला तो असा, "ह्यात व्हीएट टाकायचंय, टाकू की नको ते विचारत नाहीये, कुठलं टाकू ते सांग." व्हीएट म्हणजे व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलेंडरचं इंजिन. आता माझं ह्या बाबतीतलं उत्तर जवळजवळ कायम नको असंच असतं, कारण स्वॅपच्या नावाखाली उघडलेल्या आणि मग खोक्यांमध्ये भरून "प्रोजेक्ट अर्धवट, पार्ट सगळे आहेत" म्हणून विकायला निघालेल्या गाड्या मी बऱ्याच पाहिल्यात. इथे मात्र शेवटी मीच हो म्हणालो. का म्हणालो आणि कुठल्या अटींवर म्हणालो ते सगळं लिहून ठेवतोय, कारण असाच प्रश्न घेऊन येणारे खूप असतात आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगत बसायचा कंटाळा येतो.

आधी ही गाडी नेमकी काय आहे ते बघू. एमजीबी आली १९६२मध्ये आणि १९८०पर्यंत बनत राहिली. सुरुवातीच्या गाडीत हेच १.८ लिटर इंजिन दोन एसयू एचएस४ कार्ब्युरेटरवर साधारण ९५ एचपी द्यायचं, आणि टनाच्या आतल्या गाडीला त्या काळात ते बरं होतं. मग अमेरिकेतले धुराचे नियम कडक होत गेले, कॉम्प्रेशन उतरलं, १९७५पासून दोन एसयू जाऊन एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग आला आणि आकडा उतरला ६२.५ एचपीवर. त्यात बंपरच्या उंचीचा नियम पाळायला आख्खी गाडी दीडेक इंच वर उचलली, बंपरचं वजन वाढलं ते वेगळंच. म्हणजे लोक जिचं कौतुक करतात ती एमजीबी आणि माझ्या दोस्ताच्या दारात उभी असलेली एमजीबी ह्यात नाव आणि बॉडीचा आकार सोडला तर फरक बराच आहे. त्यामुळे "ही गाडी चालतच नाही यार" ही त्याची तक्रार खरी होती, उगाच नव्हती.

पण चालत नाही म्हणजे काय ते आधी खोदून विचारायला लागतं. पॉवर पाहिजे असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा दोनतीन वेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबत असतो. ह्याच्या बोलण्यातून दोन निघाल्या. एक, चौथ्या गिअरमध्ये ऐंशीच्या आसपास पाय दाबला तर काही होत नाही, ओव्हरटेक करायचं म्हणजे तिसरा टाका आणि देवाचं नाव घ्या. दोन, हायवेवर शंभरला इंजिन इतकं ओरडतं की तासाभरात डोकं उठतं.

दुसरी तक्रार पॉवरची नाहीच, ती गिअरिंगची आहे. ह्या गाडीचा मागचा ॲक्सल ३.९चा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपशाफ्टचे ३.९ फेरे, चौथा गिअर डायरेक्ट म्हणजे एकास एक, आणि हिच्यात ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वरचा जास्तीचा लांब गिअर, नव्हता, अमेरिकन गाड्यांना तो ऑप्शन म्हणून होता. असल्या एमजीबीला दर हजार आरपीएमला साधारण २८.८ किमीचा वेग मिळतो, म्हणजे शंभरला जवळपास ३४७० आरपीएम. लेकॉकचा ओव्हरड्राइव्ह असता, ०.८२चा, तर तेच २८५०च्या आसपास आलं असतं. सहाशेवर आरपीएमचा फरक, इंजिनाला हात न लावता. हे मी त्याला कागदावर मांडून दाखवलं तेव्हा तो जरा गप्प झाला, मग म्हणाला, "बरं, पण पहिलीचं काय?"

पहिलीसाठी इंजिन तपासायला हवं होतं. जे इंजिन काढून टाकायचं म्हणतोय ते निदान स्वतःचे ६२ तरी देतंय का हे बघितल्याशिवाय पुढच्या गप्पा मला मारायच्या नव्हत्या. प्लग काढले, इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा, कॉम्प्रेशन गेज लावलं. तीन सिलेंडर १४०-१५० पीएसआयच्या दरम्यान आणि तीन नंबरचा ९५. तिसऱ्यात चमचाभर ऑइल टाकून परत घेतलं, १०५च्या वर जाईना, म्हणजे रिंग नाही, व्हॉल्व्ह. लीकडाउन टेस्टला हवा सोडली तर सायलेन्सरच्या नळीतून फुस्स आवाज स्पष्ट, म्हणजे तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेला. इतकंच असतं तर हेड उतरवून भागलं असतं.

मग मी त्याला सीटवर बसवलं, म्हटलं इंजिन बंदच ठेव आणि फक्त क्लच दाब आणि सोड. मी पुढे क्रँक पुलीकडे बघत होतो. क्लच दाबला की पुली पुढे सरकायची, सोडला की मागे, डोळ्यांना दिसेल इतकी. म्हणजे क्रँकचे थ्रस्ट वॉशर गेलेले, बहुतेक कधीचेच. त्यात गरम झाल्यावर आयडलला ऑइल प्रेशर रडतखडत. इन्लेट आणि एक्झॉस्ट एकत्र ओतलेलं ते कास्ट मॅनिफोल्ड, ज्याला तडे जातात हे स्ट्रॉमबर्गवाल्या एमजीबीच्या मालकांना पाठ असतं, त्याला तडा होताच.

इथे माझं मत फिरलं, आणि ह्या आख्ख्या केसमध्ये महत्त्वाची गोष्ट ही एकच आहे. तोपर्यंत आम्ही दोघंही स्वॅपची तुलना "आहे तशी ठेवणे" ह्याच्याशी करत होतो, आणि त्या तुलनेत स्वॅप नेहमीच वेडेपणा ठरतो, कारण एका बाजूला डोंगराएवढा खर्च आणि दुसऱ्या बाजूला शून्य. पण इथे शून्य हा पर्यायच उरला नव्हता. इंजिन बाहेर येणारच होतं. क्रँक ग्राइंड, बेअरिंग, बोअर बघणं, हेडचं पूर्ण काम, नवं मॅनिफोल्ड, क्लच, हे सगळं होणारच होतं. म्हणजे खरी तुलना स्वॅप विरुद्ध पूर्ण रिबिल्ड अशी होती आणि त्या दोघांतलं अंतर वाटतं त्यापेक्षा बरंच कमी होतं.

मग एका मोठ्या कागदावर दोन रकाने पाडले. डावीकडे इंजिन कुठलंही असो, करावंच लागेल ते सगळं: सिल म्हणजे दरवाजांखालचा भार पेलणारा पत्रा, पुढचे सस्पेन्शन बुश, ब्रेकचे होज आणि मास्टर सिलेंडर, रेडिएटर, इंजिन काढणं-घालणं, एक्झॉस्ट लाइन, कूलिंगचे सगळे पाइप. उजवीकडे फक्त स्वॅपमुळे येणारं: इंजिन, गिअरबॉक्स, माउंट, हेडर म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या, प्रॉपशाफ्ट, डिफचा म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या गिअरचा रेशो, कार्ब्युरेटर आणि इन्टेक, स्पीडोमीटरची केबल आणि कॅलिब्रेशन, वायरिंगचे फेरफार. डावा रकाना भरत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला, कारण त्याच्या डोक्यात ह्यातलं निम्मं नव्हतंच. पण स्वॅपची बाजू मजबूत झाली ती नेमकी ह्या डाव्या रकान्यामुळेच. ज्याची गाडी धडधाकट आहे त्याने हाच कागद करून बघावा, डावा रकाना रिकामा राहतो आणि उजवा एकटाच अंगावर येतो.

पर्याय काय काय होते

जुनंच इंजिन नीट बांधायचं, दोन एसयू परत लावायचे, चांगला एक्झॉस्ट, कॉम्प्रेशन वर घ्यायचं, तर नव्वदच्या पुढे जाता येतं. बोअर वाढवून १९५० सीसी केलं, हेड पोर्ट केलं, जरा तेज कॅम घातला तर ११०-१२०पर्यंत, आणि त्यापुढे प्रत्येक एचपीसाठी इंजिनाचा स्वभाव बिघडत जातो, खाली दम नाही आणि आयडल लंगडा. माझी स्वतःची पसंती इथेच होती, म्हणजे १९५० सीसीचं शांत इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स. दोस्ताला हे पटत होतं पण डोळ्यांत काही चमक दिसेना.

सुपरचार्जर हा दुसरा. अमेरिकन पिस्टनचं कॉम्प्रेशन मुळात कमी, त्यामुळे बूस्टला ते उलट सोयीचं पडतं, आणि मधल्या आरपीएमला जो दम त्याला पाहिजे होता तो अगदी तिथेच मिळतो. पण थकलेल्या इंजिनावर ब्लोअर लावणं म्हणजे रिबिल्ड आधी करायचाच आणि वर किटचा खर्च. बॉनेटखालची गरमी हा प्रश्न आहेच.

तिसरा, आजकालचं दोन लिटरचं चार सिलेंडर, फोर्डचं ड्युराटेक किंवा माझदाचं त्याच घराण्यातलं. खरं सांगू का, कागदावर हाच सगळ्यात शहाणा पर्याय आहे. ॲल्युमिनियमचं, बी-सिरीजच्या लोखंडी धोंड्यापेक्षा कितीतरी हलकं, मूळचंच १४०च्या आसपास देणारं, थंडीत एका चावीत सुरू होणारं. पण त्याला ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर आला, वायरिंगचं वेगळं लूम आलं, हाय प्रेशर पंप आणि टाकीपर्यंत रिटर्न लाइन आली, संप क्रॉसमेंबरवर आपटतो म्हणून संप कापून परत जोडणं आलं. आणि माझ्या दोस्ताला फीलर गेज आणि टायमिंग लाइट कळतो, लॅपटॉप लावून मॅप बघणं त्याच्या गावीही नाही. जी गाडी मालकाला स्वतः दुरुस्त करता येत नाही ती क्लासिक असून त्याचा उपयोग काय, असं त्याचं मत आणि ते मला खोडता आलं नाही.

राहिला व्हीएट.

इथे एमजीबीचा इतिहास कामाला येतो. रोव्हरचं ३५२८ सीसीचं ॲल्युमिनियम व्हीएट मुळात अमेरिकन, १९६१चं ब्यूइकचं २१५ क्युबिक इंचाचं इंजिन, त्याचे हक्क जनरल मोटर्सने रोव्हरला विकले. एमजीबीत ते बसवायची कल्पना कारखान्याच्या आधी केन कॉस्टेलो नावाच्या रेसरने प्रत्यक्षात आणली, तो १९७०च्या सुमारापासून अशा गाड्या बनवून विकत होता. मग कारखान्याने स्वतःची एमजीबी जीटी व्हीएट काढली, जीटी म्हणजे एमजीबीचं छप्परवालं रूप, १९७३ ते १९७६, एकूण २५९१ गाड्या, १३७ एचपी ५००० आरपीएमला आणि १९३ पौंड-फूट टॉर्क फक्त २९००ला. मूळच्या ९५ एचपीच्या बी-सिरीजचा टॉर्क होता ११० पौंड-फूट. ओव्हरटेकच्या तक्रारीचं उत्तर ह्या दोन टॉर्कच्या आकड्यांत आहे, एचपीत नाही.

वजनाचं काय हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि विचारायलाच हवा, कारण एमजीनेच आधी तो धडा गिरवलाय. १९६७ ते १९६९ची एमजीसी, हिच्यात २९१२ सीसीचं लोखंडी स्ट्रेट सिक्स घातलं, पॉवर १४५ एचपी म्हणजे जीटी व्हीएटपेक्षा थोडी जास्तच, पण इंजिन बी-सिरीजपेक्षा ९५ किलोच्या आसपास जड. त्या उंच इंजिनाला जागा करायला पुढचं सस्पेन्शनच बदलून टॉर्शन बारवर न्यावं लागलं, बॉनेटला फुगवटा काढावा लागला आणि वळणावर नाक बाहेर पळतं म्हणून तेव्हाच्या परीक्षकांनी सोलून काढली. रोव्हर व्हीएट ॲल्युमिनियमचं असल्यामुळे वजन लोखंडी बी-सिरीजच्या जवळपासच बसतं, त्यामुळे गाडीचा तोल बिघडत नाही. पॉवर तेवढीच, पण एक गाडी बदनाम आणि दुसरीच्या मागे लोक अजून धावतायत, सगळा फरक पुढच्या चाकांवरच्या वजनाचा.

आणि दोस्ताच्या गाडीचा खरा हुकमी पत्ता म्हणजे तिचे ते बदनाम रबरी बंपर. त्या काळात कारखाना चार सिलेंडर आणि व्हीएट एकाच लाइनवर बनवत होता, म्हणून रबर बंपरवाल्या सगळ्या गाड्यांचा इंजिन बे व्हीएट बसेल असाच केलेला असतो, आतल्या पॅनेलला जागा ठोकून दिलेली असते. १९७७च्या गाडीत रेडिएटरही पुढे सरकवलेला आणि त्यावर इलेक्ट्रिक फॅन, पुढे-मागे अँटीरोल बारही आलेले. क्रोम बंपरच्या गाडीत जे कापावं लागतं त्यातलं बरंचसं इथे आधीच झालेलं. शिवाय ह्या गाडीला मूळ रूपात जपून ठेवणारा खरेदीदार फारसा मिळत नाही, त्यामुळे इतिहासाची नासाडी केली असं कोणी म्हणायचा प्रश्न नाही. हीच गाडी १९६३ची असती, ओढायच्या दांडीचे दरवाजे आणि तीन बेअरिंगवालं सुरुवातीचं इंजिन जागेवर, तर मी त्याला स्पॅनर हातात धरू दिला नसता. तसल्या गाडीचं मूळ इंजिन कितीही रडत असलं तरी तेच बांधायचं.

अटी

मी हो म्हणालो ते चार गोष्टींवर अडून, आणि पहिल्या अटीवर आख्खा बेत बारगळायची वेळ आली होती.

एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी, आणि रोडस्टरला छप्पर नसल्यामुळे सगळा भार सिलवर. कारखान्याने व्हीएट दिलं ते फक्त जीटीत, छप्पर असलेल्या गाडीत, हे डोक्यात ठेवायला हवं. कॉस्टेलोने रोडस्टरही केल्या आणि पुढे १९९२-९५च्या एमजी आरव्हीएटमध्ये कंपनीने स्वतः ३.९ लिटरचं इंजिन उघड्या गाडीत घातलं, त्यामुळे होत नाही असं अजिबात नाही, पण पत्रा खणखणीत पाहिजे. आम्ही दरवाजा बंद करून त्याच्या मागच्या कडेची फट बघितली, मग त्या बाजूने जॅक लावून गाडी उचलली आणि परत बघितली. फट वरच्या बाजूला चक्क आवळली, दरवाजा उघडताना घासला. सिलचं बाहेरचं पॅनेल चकाचक, रंगही ताजा, पण आतला उभा पत्रा खालून बोटाने चुरा होत होता. आधीच्या कोणीतरी वरवर नवं पॅनेल चढवून विकलेली. तेव्हा मी स्पष्ट सांगितलं की दोन्ही बाजूंचे सिल आतल्या पत्र्यासकट, दरवाजांना आधार देऊन, फट सांभाळत वेल्ड झाल्याशिवाय इंजिनाची चर्चा बंद. तो महिनाभर माझ्याशी नीट बोलत नव्हता. मग केले त्याने, आणि नीट केले.

दुसरी अट इंजिनाची. त्याला ३.९ किंवा ४.६ पाहिजे होतं, कारण आकडा मोठा. रोव्हरच्या मोठ्या बोअरच्या ब्लॉकमध्ये लायनरच्या मागचा ॲल्युमिनियम पातळ राहतो, एकदा का इंजिन तापलं की लायनर सरकणं, मागे बारीक तडा जाणं, पाणी सिलेंडरमध्ये येणं हे प्रकार होतात, आणि बाहेरून बघून ते कळत नाही. ३.५च्या ब्लॉकला ह्या भानगडी फार कमी. जी गाडी मुळात अरुंद इंजिन बे घेऊन आलीये आणि कूलिंग काठावर असणार आहे तिच्यात तापायला घाबरणारं इंजिन मुद्दाम कशाला घालायचं? एका रोव्हर एसडी१ गाडीतलं ३.५ मिळालं, मूळचं १५५ एचपीचं, त्याचा पाच गिअरचा एलटी७७ बॉक्स जोडलेला. इन्टेक उचलून खालचा पत्र्याचा व्हॅली गॅस्केट काढला तर आत काळा लगदा, ऑइल वेळेवर न बदलण्याची खूण, आणि कॅमचे दोनतीन लोब टोकाला गोल झालेले. ह्या इंजिनाचं हे ठरलेलं दुखणं आहे, त्याला घाबरायचं नाही पण किंमत ठरवताना धरायचं. कॅम, लिफ्टर, टायमिंग चेन आणि तिचे गिअर सगळं नवं घातलं. ट्यूनिंग काही नाही, मी करू दिलं नाही.

तिसरी अट, ॲक्सलचा रेशो आणि ब्रेक इंजिनाच्या आधी. व्हीएटला ३.९चा ॲक्सल ठेवला तर पहिला गिअर नुसता टायर जाळायच्या कामाचा आणि हायवेवर परत तेच रडगाणं. जीटी व्हीएटला कारखान्याने ३.०७ दिला होता तो काही उगाच नाही. ३.०७वर चौथ्या डायरेक्ट गिअरला शंभरला साधारण २७३० आरपीएम येतात, आणि पाचव्याला २२००च्या आसपास. ब्रेकमध्ये जीटी व्हीएटसारख्या जाड डिस्क आणि मोठे कॅलिपर. मागचे ड्रम आहेत तसेच, त्याला हात लावायची गरज वाटली नाही. गाडीची उंचीही परत खाली आणली, वर उचललेल्या एमजीबीला दुप्पट टॉर्क देणं मला मान्यच नव्हतं.

चौथी, कागदपत्रं. इंजिन बदललं की नोंदणीत नंबर बदलतो, धुराचे नियम गाडीच्या वर्षाला लावायचे की इंजिनाच्या हे जागोजागी वेगळं असतं, आणि विमा कंपनीला न सांगता केलेला स्वॅप अपघातानंतर फार महागात पडतो. हे सगळं लेखी विचारून उत्तर हातात आल्यावरच इंजिनाचे पैसे द्यायचे, आधी नाही. हे कंटाळवाणं काम त्याने मुकाट्याने केलं, त्याबद्दल त्याला मार्क.

बसवताना

इंजिन बेमध्ये व्हीएट बसतं म्हणजे उतरतं इतकंच, बाकी सगळ्या मारामाऱ्या कडेच्या जागांसाठी असतात. डावीकडे स्टिअरिंगचा शाफ्ट आणि डाव्या बँकेचा हेडर एकाच जागेवर हक्क सांगतात. आरव्हीएटसारखे हेडर आतल्या पॅनेलला भोक पाडून बाहेर चाकाच्या बाजूला काढले की ही भानगड मिटते आणि बॉनेटखालची गरमीही कमी होते, पण नुकत्याच वेल्ड केलेल्या गाडीला परत भोकं पाडायला दोस्त तयार होईना, म्हणून ब्लॉकला चिकटून खाली जाणारे हेडर घेतले. ह्यावर आमचं चांगलंच वाजलं आणि अजूनही माझं म्हणणं तेच आहे. ऑइल फिल्टर मूळ जागी राहिला तर समोरच्या भागांना भिडतो, जीटी व्हीएटलाही तो लांब लावलेला होता, तसाच लावला. एलटी७७साठी टनेलला आतून ठोकून थोडी जागा केली आणि गिअरबॉक्सचा क्रॉसमेंबर नवा बनवला.

बॉनेट हा वेगळाच विषय. एसडी१चं इन्टेक त्याच्या एसयूंसकट ठेवलं तर बॉनेट बंद होत नाही. कारखान्याने जीटी व्हीएटमध्ये खास मॅनिफोल्ड करून कार्ब्युरेटर मागे, फायरवॉलच्या बाजूला नेले होते. आम्ही बुटका इन्टेक आणि चार बॅरलचा एकच कार्ब्युरेटर घेतला. एअर फिल्टरच्या झाकणावर चारपाच ठिकाणी प्लॅस्टिसिनचे गोळे ठेवले, बॉनेट हळू बंद केलं, उघडलं, आणि गोळे किती दाबले गेले ते सुरीने कापून मोजलं. मागच्या बाजूला बोटभर, पुढे जेमतेम पाच मिलिमीटर. पाच मिलिमीटर पुरत नाही, कारण इंजिन रबरी माउंटवर आहे आणि पाय दाबला की ते हलतं. माउंटखालून पॅकिंग काढून इंजिन थोडं खाली घेतलं, परत गोळे ठेवले. हे चारआठ मिलिमीटरचं काम इंजिन उचलून बसवण्यापेक्षा जास्त वेळ खाऊन गेलं. पण बॉनेट कापलं नाही, बाहेरून गाडी जशी होती तशीच दिसते.

आता कशी आहे

सुरू केल्यावर दोस्त पहिल्यांदा घाबरला ते ऑइल प्रेशर बघून. गरम आयडलला ह्या व्हीएटचं प्रेशर कमीच असतं, बी-सिरीजच्या सवयीने बघितलं तर छातीत धस्स होतं, पण आरपीएम वाढवले की काटा नीट वर जात असेल तर काळजी नाही.

चालवायला गाडी मस्त झालीये, हे मान्य करायला हवं. चौथ्यात ऐंशीला पाय ठेवला की कसलाही आरडाओरडा न करता जाते, आणि पाचव्यात शंभरला इंजिन आहे की नाही कळत नाही, आता वाऱ्याचा आवाज ऐकू येतो म्हणून तक्रार आहे. वळणात नाक पहिल्यासारखंच वळतं, उलट उंची खाली आल्यामुळे जास्त नेमकं. पेट्रोल अर्थातच जास्त पिते, पण शांत चालवली तर त्याने धरलं होतं त्यापेक्षा कमी, बहुतेक त्या लांब गिअरिंगमुळे.

जे सुटलेलं नाही ते असं. गर्दीत, उन्हात, दोन्ही फॅन चालू असताना तापमानाचा काटा मध्याच्या वर जाऊन थांबतो, तापत नाही पण आरामही वाटत नाही. आणि गरम झाल्यावर गाडी बंद करून लगेच सुरू करायला गेलं तर स्टार्टर कुंथतो, कारण हेडर त्याच्या अगदी शेजारून जातो. मधे उष्णतारोधक पत्रा लावलाय, थोडा फरक पडला. हेडर बाहेरून काढले असते तर, असं मी म्हणायला लागलो की तो विषय बदलतो.

दुसरं म्हणजे मागचा ॲक्सल. पट्ट्यांच्या स्प्रिंगवर उभा असलेला ॲक्सल ह्या टॉर्कला जोरात निघताना उड्या मारतो, पट्टे एस आकारात पिळतात आणि खालून धडधड आवाज येतो. नव्या स्प्रिंगने कमी झालं, गेलं नाही. आता ट्रॅक्शन बार लावायचे की गप्प पहिल्या गिअरमध्ये हलक्या पायाने निघायचं ह्यावर चर्चा चालूये. मी दुसऱ्या बाजूचा आहे. जुनं बी-सिरीज त्याने विकलेलं नाही, बोअरमध्ये ऑइल टाकून, भोकं बंद करून, इंजिन नंबरच्या पट्टीसकट लाकडी फळीवर ठेवलंय, आणि काढलेला ३.९चा डिफही त्याच्याच शेजारी आहे, लेबल लावून.